बेळगावात असं पार्क होईल का? देणग्यांवर चालणारं, फुकट, पायवाटा आणि सायकलवाटांसकट

हिंदवाडीकर
नमस्कार मंडळी. दोन महिने मुलीकडे अमेरिकेत होतो, केंटकी राज्यात लुइव्हिल म्हणून शहर आहे तिथं. परवा परत आलो. झोपेचं गणित अजून जमलेलं नाही, रात्री तीनला टक्क जागा असतो, म्हणून हा धागा.

पहिल्याच रविवारी जावयानं गाडीच्या पाठीमागे सायकली अडकवल्या आणि एका पार्कात नेलं. पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर बंद पडलेलं कारंजं, चार झोपाळे आणि 'फुले तोडू नयेत'. हे निघालं जवळजवळ ४००० एकर. शून्यं बरोबर आहेत, मी दोनदा विचारून घेतलं. नाव द पार्कलँड्स ऑफ फ्लॉइड्स फोर्क. फ्लॉइड्स फोर्क हा तिथला ओढा, शहराच्या पूर्व अंगानं वाहतो, त्याच्या काठानं चार मोठी उद्यानं एकापुढे एक ओवल्यासारखी आहेत, मधनं पक्की सायकलवाट जाते आणि तिला फुटून जंगलात चालायच्या मातीच्या वाटा, माउंटन बाईकवाल्यांच्या आणखी वेगळ्या. मी ६३ वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, तरी १४ किलोमीटर सायकल मारली. टर्की रन नावाच्या भागात शेतावरची एक जुनी उंच कोठी, त्यांची सायलो, पाडायच्याऐवजी तिला जिना बसवून ठेवलाय. वर चढून बघितलं, चौफेर झाडं आणि खाली कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

तिकीट नाही, गेटावर वही घेऊन बसलेला माणूस नाही. जावयाला म्हटलं इथली महापालिका भारी आहे रे, तर म्हणाला महापालिकेचं नाहीच हे. ह्युमाना या आरोग्यविमा कंपनीच्या संस्थापकांपैकी एक डेव्हिड जोन्स आणि त्यांचा मुलगा डॅन यांनी २००४ साली ना-नफा संस्था काढली, शहर तिकडे पसरायच्या आधी जमीन गोळा केली, सुमारे साडेबारा कोटी डॉलर उभे केले. एकेक भाग उघडत २०१६ ला सगळं पुरं झालं. रोजचा खर्च मुख्यतः देणग्यांवर.

तर प्रश्न असा, आपल्या बेळगावात हे होईल का? ४००० सोडा, ४० एकर तरी?

खरंबगा
होईल की. उद्घाटन होईल. पार्क होईल काय म्हाईत नाही.

टिळकवाडी_वॉकर
हिंदवाडीकर काका, वेलकम बॅक. आपल्याकडे व्हॅक्सिन डेपो आहे की. देवीच्या लशीसाठी ब्रिटिशांच्या काळात राखलेली जागा, म्हणून झाडं उरली. रोज सकाळी साडेपाचला मी तिथं. आत शिरलं की दोन अंश थंडी जास्त, हे मी आईशप्पथ सांगतो, चष्म्यावर धुकं धरतं. ती जागा आहे तशी राहिली तरी पुष्कळ झालं. नवीन करायच्या नादात आहे त्याचं 'सुशोभीकरण' नको. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. सुशोभीकरण म्हणजे आधी झाड काढणार, मग पेव्हर घालणार, मग पेव्हरवर कुंडीत झाड ठेवणार.

खरंबगा
आणि कुंडीवर नाव. झाडापेक्षा नाव मोठं.

शहापूरची_सून
सगळे सायकलवर बोलताय म्हणून लिहिते. काका, तिथं बायका एकट्या दिसल्या का? कुठल्या वेळेला? संडास होते का आणि उघडे होते का? आमच्या बाजूला एक नवीन वॉकिंग ट्रॅक झालाय, नाव घेत नाही. संडास बांधलाय, टाइल्स गुलाबी आहेत, कुलूप पहिल्या दिवसापासून आहे. किल्ली कुणाकडे तर म्हणे काँट्रॅक्टरकडे. काँट्रॅक्टर कुठे तर म्हणे बिल अडकलंय. दीड वर्ष झालं. माझ्या सासूबाई चालायला यायच्या, डायबेटिस आहे, आता घरातच गच्चीवर फेऱ्या मारतात.

४० एकर राहू द्या, एक संडास उघडा ठेवून दाखवा म्हणावं.

हिंदवाडीकर
@शहापूरची_सून, होत्या, पुष्कळ. पहाटे एकट्या धावणाऱ्या पण बघितल्या, म्हाताऱ्या जोडीनं काठ्या घेऊन चालणाऱ्या पण. संडास उघडे होते आणि आत कागद होता. तुम्ही विचारलंत तेच माझ्या मुलीनं पहिल्यांदा तिथं राहायला गेल्यावर विचारलं होतं म्हणे.

उद्यमबाग_मोल्डर
मी उद्यमबागेत छोटी फाउंड्री चालवतो, पैशाचं मी सांगतो कारण दर वर्षी कुणीतरी येऊन 'तुमच्या सीएसआरमधनं करा की' म्हणतं. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा सक्तीचा खर्च, सगळ्यांना नसतो हो. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी बसलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. आमच्यासारख्या निम्म्या फाउंड्र्यांना तो लागूच नाही, आम्ही गणपतीची वर्गणी आणि शाळेला चार बाकं, झालं. ज्यांना लागू आहे त्यांना पर्यावरणावर खर्च करता येतो, पार्क बसतं त्यात.

खरं, खरी गोम वेगळी आहे. पैसा देणाऱ्याला फीत कापायला आवडते. तिसऱ्या वर्षाच्या श्रावणात गवत कापायला पैसे द्या म्हटलं तर कोण देणार? गवत कापलेल्याचा फोटो कुठल्या पेपरात येतो? काकांच्या त्या पार्काला मोठी कायम ठेव असणार, त्याच्या व्याजावर माळी पोसत असतील. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचं पण असंच आहे, जागा शहराची, खरं १९८० पासून कन्झर्व्हन्सी नावाची एक ना-नफा संस्था आहे, ८४३ एकराच्या देखभालीचा बहुतेक पैसा तीच गोळा करते. बांधणं सोपं आहे, मोल्डमध्ये धातू ओतायला दोन मिनिटं लागतात. फेटलिंग करणारा, म्हणजे ओतलेला तुकडा साफ करणारा, दिवसभर घासत बसतो, त्याला कोण विचारत नाही.

बळ्ळारीकाठ
मी शेतकरी. येळ्ळूर शिवारात आमचं दीड एकर. तुम्ही सगळे ४० एकर ४० एकर करालाय, ही ४० एकर कुणाची? हवेत आहे काय? हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमिनी गेल्या, बायका रस्त्यावर बसल्या, ते बघितलंय आम्ही. आता शहरातल्या लोकांना सकाळी सायकल चालवायला आणखी ४० एकर. आमच्यात पण पायवाटा आहेत वो, बांधावरनं रोज चालतोय, कोण फोटो काढायला येत नाही.

राग मानू नका. खरं, जमीन म्हटलं की आमच्या छातीत धस्स होतं.

टिळकवाडी_वॉकर
@बळ्ळारीकाठ, राग कसला. बरोबर आहे तुमचं. पिकाखालची जमीन नकोच.

वकील_कॉलेजरोड
जमिनीचं थोडं. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनं जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ, ७९ब कलमं गेली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, खरं कमाल मर्यादा आहेच. म्हणजे एखाद्या पैसेवाल्यानं मनात आणलं तरी हजारो एकर गोळा करणं हिंदवाडीकर म्हणतात तसं सोपं नाही. गायरानाकडे डोळा असेल तर तो आत्ताच मिटा, गुरांच्या चराईची जमीन आहे ती. राहिली वनखात्याची जमीन आणि कॅम्पातली. कॅम्पातली मिलिटरी देणार नाही. उद्यानं आणि मोकळ्या जागा राखायला १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे राज्यात, तो नवीन पार्क देत नाही, असलेलं वाचवायला उपयोगी पडतो. फी नंतर सांगतो.

खरंबगा
वकीलसाहेब, 'नंतर सांगतो' हीच सगळ्यात महाग फी.

मंडोळीकर
माझा तर मुळातच विरोध आहे. खाजगी पैसा आला की आज फुकट म्हणणार, उद्या पार्किंगला २०, परवा कॅमेऱ्याला १००, तेरवा प्री-वेडिंगला अख्खी बाग बुक. चड्डी-बनियनवर पळणाऱ्या पोराला वॉचमन अडवणार. आमच्यासारख्यांना आत घेतील काय, सांगा. सार्वजनिक म्हणजे सार्वजनिक, आपल्या टॅक्समधनं व्हावं आणि आपण हक्कानं भांडावं. देणगीदाराशी कसं भांडणार? तो म्हणणार माझी मर्जी.

हिंदवाडीकर
@मंडोळीकर, हा मुद्दा मी पण जावयाशी काढला होता. एक दुरुस्ती करतो, वर मी घाईत लिहिलं. पूर्ण खाजगी असं ते नाही. बांधताना सरकारी पैसाही आला, शहराचं सहकार्य होतं. चालवायला मात्र नेमानं कराचा पैसा मिळत नाही. आणि तिथं उद्यानांची सवय जुनी आहे, १८९१ पासून ऑल्मस्टेड नावाच्या माणसानं, ज्यानं सेंट्रल पार्क आखलं त्यानंच, लुइव्हिलची जुनी उद्यानं आखलेली आहेत. म्हणजे नातवंडांनी आजोबाचं बघून केलं.

भांडायचं कुणाशी, याला माझ्याकडे उत्तर नाही.

दिल्लीतला_खानापुरी
इतकं लांब केंटकीला कशाला, इथं दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याला लागून सुंदर नर्सरी आहे. ९० एकर. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवताना रोपं वाढवायला ठेवलेली रोपवाटिका, मध्ये कितीतरी वर्षं झाडोऱ्यात हरवली होती. आगा खान ट्रस्ट आणि सरकारी खात्यांनी २००७ ला करार केला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत लोकांसाठी उघडली. अकरा वर्षं लागली बघा. तिकीट आहे. थंडीत रविवारी पाय ठेवायला जागा नसते, सगळी दिल्ली चादरी आणि डबे घेऊन. सायकल नाही चालवता येत, म्हणजे धाग्याच्या विषयात अर्धीच बसते.

मंडोळीकर म्हणतात तसं झालंय का? थोडं झालंय. फेरीवाला आत नाही. बाहेर शेंगावाला उभा असतो, मी त्याच्याकडनं घेऊन खिशात लपवून नेतो. ट्रस्टचं पार्क आणि गरम शेंगा यांचं जमत नाही.

जोधपूरला पण बघितलंय. मेहरानगडाच्या पायथ्याला राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, ७० हेक्टर, किल्ल्याच्या म्युझियम ट्रस्टनं २००६ ला काम सुरू केलं, प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली. सगळ्या खडकात विलायती बाभूळ माजलेली, तोडली की परत फुटायची. शेवटी दगडखाणीत काम करणारे खांडवालिया लोक आणले, त्यांनी हातोड्यानं खडक वाजवून, आवाजावरनं कुठं मऊ आहे ओळखून, मुळं खोदून काढली. मग त्याच खड्ड्यांत मारवाडातली आपली झाडं लावली. आता त्या वाटांवरनं चालताना वाटतं हे असंच होतं कायम. माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे, आपल्याकडे जांभ्याच्या पठारावर नीलगिरी लावून ठेवलीय जिकडे तिकडे, ती काढून असं काय करता येईल का.

टिळकवाडी_वॉकर
तो खडक वाजवून बघायचा भाग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे जेसीबी बोलावतात.

निपाणकर
तुम्ही बेळगाववाले नशीबवान, डेपो आहे, किल्ला तलाव आहे, कॅम्पातली झाडं आहेत. आम्ही निपाणीत सर्व्हिस रोडवर चालतो. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला तंबाखूची गोदामं. सकाळी फुप्फुसं साफ करायला निघायचं आणि शिंकत परत यायचं 😀 पार्क झालं तर बस सोडा.

खरंबगा
सगळ्यांनी एक गोष्ट विसरलीय. २०२२ चा ऑगस्ट. गोल्फ कोर्सवर बिबट्या आला होता. शाळांना सुट्ट्या, ड्रोन, पिंजरे, शेवटी हत्ती आणले शोधायला, तरी गडी सापडला नाही. बेळगावात मोकळी हिरवी जागा फुकटात मनसोक्त वापरलेला तो एकटाच. मेंबरशिप पण नव्हती.

शहापूरची_सून
😂😂 माझा मुलगा अजून विचारतो, बिबट्या परत कधी येणार, गणिताची परीक्षा आहे.

कडोलीचा_पोरगा
एक विचारतो, पार्क झालंच तर बोर्ड कुठल्या भाषेत?

खरंबगा
झालं. आता हा धागा ६०० प्रतिसादांवर जाणार.

कडोलीचा_पोरगा
नाही खरंच विचारलालोय, ६० टक्के कन्नड पाहिजे नियमानं, मग उरलेल्या ४० त मराठी आणि इंग्रजी बसवायची म्हणजे वाटेचा नकाशा कुठे काढायचा?

मंडोळीकर
बोर्डच नको. बाण काढा. बाणाला भाषा नसते.

खरंबगा
बाणाचा रंग कुठला ते ठरवा आधी. आणि उद्घाटन एकदाच होईल असं लिहून घ्या. राजहंसगडावर २०२३ च्या मार्चमध्ये महाराजांच्या पुतळ्याचं एकाच आठवड्यात दोनदा झालं, एकदा एका पक्षाचं, एकदा दुसऱ्याचं. महाराज बिचारे दोन्ही वेळा उभेच.

चालक
सीमाप्रश्न आणि पक्ष, दोन्हीसाठी वेगळे धागे आहेत, जुने आहेत, भरपूर जागा आहे तिथं. इथं पार्कावर बोला. कडोलीचा_पोरगा यांचे पुढचे तीन प्रतिसाद हलवले आहेत.

रात्रीचावाचक
काका, त्या पार्काजवळ पोप लिक म्हणून जागा आहे ना? तिथं रेल्वेचा उंच पूल आहे आणि त्याच्याखाली अर्धा माणूस अर्धा बोकड असलेलं भूत राहतं अशी दंतकथा आहे, गोट मॅन म्हणतात. मी अशी भुतं गोळा करतो म्हणून माहिती.

हिंदवाडीकर
आहे की! पोप लिक हा त्या चार भागांतला एक. पूल लांबनं बघितला. जावई म्हणाला भूत बघायला पोरं पुलावर चढतात, त्यांना वाटतं जुना पडीक पूल आहे, आणि वरनं खरी मालगाडी येते. जीव गेलेत कितीतरी जणांचे. बोकडानं कुणाचं काय वाकडं केल्याचं ऐकलं नाही.

शहापूरची_सून
आमच्या आज्जी तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे अंधार पडल्यावर पाठवायच्या नाहीत. तकडं पांढरी बाई उभी असते म्हणायच्या. आता तिथं एवढं ट्रॅफिक असतं की बाई सिग्नलला अडकली असेल.

घाटवाट
भुतं झाली असतील तर वाटांवर येऊ या. मी जांबोटी, चोर्ला भागात पायी आणि सायकलनं फिरणारा. पार्क म्हणजे पैसा, गेट, ट्रस्ट, हे सगळं तुम्ही बोलला. वाट कशी काढायची ते कुणीच बोललं नाही, आणि आपल्याकडच्या पावसात सगळं त्याच्यावर आहे. पहिली मोठी चूक म्हणजे सरळ चढवणे. डोंगरावर सरळ उभी वाट काढली की ती पहिल्या आषाढात ओढा होते. वाट आडवी काढायची, डोंगराच्या कडेनं. साधा हिशोब आहे, डोंगराचा जो उतार त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. वाटेची बाहेरची कड किंचित खाली, म्हणजे पाणी वाटेवरनं धावत नाही, ओलांडून पलीकडे उतरतं. मध्ये मध्ये मुद्दाम छोटा उतार देऊन परत चढ द्यायचा, तिथं पाणी बाहेर पडतं. सिमेंट लागत नाही, पेव्हर लागत नाही.

आणि पावसानंतर वाट ओली असताना सायकल घालायची नाही. तिकडे माउंटन बाईकच्या वाटा ओल्या असल्या की बंद ठेवतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद ठेवावी लागेल, तेव्हा पायी चाला.

उद्यमबाग_मोल्डर
चार महिने बंद म्हणजे देणगीदार म्हणणार माझे पैसे चार महिने बसून.

मंडोळीकर
अरे पण ही सगळी वनखात्याची जमीन. तकडं बंगळूरला तुरहळ्ळीच्या जंगलात २०२१ ला ट्री पार्क करायचं निघालं होतं, पायवाटा, बाकडी वगैरे, आणि लोकांनीच विरोध केला. म्हणाले जंगल आहे, जंगल राहू द्या. वाट काढली की माणूस येतो, माणूस आला की कुरकुऱ्याचं पाकीट येतं.

पश्चिमभाग
मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. खरं घाटवाट यांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही, कारण ती 'पहिली मोठी चूक' आम्ही केलेली आहे.

आम्ही पाचजण, बेळगावच्या पश्चिम भागातलं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर रविवारी पन्नास गाड्या येतील. गावामागे डोंगर, वर लहान देऊळ. लॉकडाऊननंतर आमच्यातला एकजण हार्टचा, डॉक्टरनं चालायला सांगितलं, रस्त्यावर टिप्पर धावतात म्हणून म्हटलं डोंगरावर वाट करू. दोन कोयते, एक कुदळ, दोन फावडी. चार रविवार घाम गाळला आणि झकास सरळ वाट काढली देवळापर्यंत. फोटो काढले, नारळ फोडला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाटेच्या जागी गुडघाभर चर. आमची सगळी माती खालच्या एका म्हातारीच्या भाताच्या वाफ्यात. ती काय काय बोलली ते इथं लिहिता येत नाही, चालक उडवतील. मग आम्ही आठवडाभर तिच्या वाफ्यातली माती घमेल्यानं काढून दिली. घमेली टाकत होतो तेव्हा तिनंच सांगितलं, "येड्यांनो, गुरांची वाट बगा की. म्हस कधी सरळ चढत्या काय? तिला कळतंय ते तुमाला कळंना."

खरंच गेलो बघायला. गुरांची वाट डोंगराला वळसे घालत आडवी जाते, एवढीशी रुंद, आणि भर पावसात टणक. कुणी मोजमाप केलेलं नाही. दिवाळीनंतर आम्ही तिच्यावरनंच नवीन वाट काढली, काही ठिकाणी फक्त झुडपं मारली. आता साडेतीन किलोमीटरचा फेरा आहे. दोन पावसाळे टिकलाय. पोरं सायकली घालतात उन्हाळ्यात. गुरं पण तिथनंच जातात, गुरं आली की आपण बाजूला व्हायचं, हा एकच नियम, आणि तो म्हातारीनं घातलाय.

खर्च विचाराल तर आजवर ११,४०० रुपये. त्यातले चार हजार नवीन कोयते आणि घमेली, बाकी चहा आणि भडंग. वर्गणी आमच्या पाचजणांचीच. बाकडं नाही, बोर्ड नाही.

खरंबगा
११,४०० त वाट आणि साडेबारा कोटी डॉलरमध्ये वाट. आम्हाला उद्घाटनाला का बोलावलं नाही?

पश्चिमभाग
उद्घाटन म्हशीनं आधीच केलेलं.

घाटवाट
@पश्चिमभाग, हॅट्स ऑफ. म्हातारीला माझा नमस्कार सांगा. मी हे सगळं व्हिडिओ बघून शिकलो, चार वर्षं लागली.

बळ्ळारीकाठ
वाफ्यातली माती काढून दिली हे वाचून बरं वाटलं. आमच्या शिवारात नाल्याचं पाणी घुसतं दर वर्षी, कोण घमेलं घेऊन आलं नाही आजवर.

काकांना एक विचारायचं राहिलं. ते पार्क ओढ्याकाठी म्हणालात. पूर आला की काय करतात?

हिंदवाडीकर
@बळ्ळारीकाठ, चांगलं विचारलंत. येतो पूर. ओढ्याकाठचा सखल भाग पाण्याखाली जातो, मग वाटेवरचा गाळ काढतात आणि उघडतात. घरं नाहीत ना तिथं, त्यामुळे पाण्याला पसरायला जागा आहे. आपल्याकडे नाल्याच्या काठाला लेआउट पाडतात आणि पाणी बिचाऱ्या तुमच्या भातात येतं.

बळ्ळारीकाठ
मग पार्क करायचंच असेल तर नाल्याच्या कडेला, शहराच्या बाजूनं, जिथं प्लॉट पाडायचं चाललंय तिथं करा. माझी हरकत नाही. माझं दीड एकर सोडून.

वकील_कॉलेजरोड
हे या धाग्यातलं पहिलं ना-हरकत पत्र. जपून ठेवा.

शहापूरची_सून
@पश्चिमभाग, तुमच्या वाटेवर बायका येतात का? की पाच गडी आणि म्हशी?

पश्चिमभाग
ताई, गवताला आणि जळणाला बायका आधीपासून जायच्याच, त्यांचीच वाट होती की. चालायला म्हणून पहिल्यांदा माझी बायको आली, आता सात-आठजणी येतात, आम्ही वर पोचायच्या आधी त्या खाली उतरलेल्या असतात. संडासाचं मात्र तुम्ही म्हणता तेच. देवळामागे आहे पंचायतीचा, पाणी नाही. त्याच्यावर आमचं डोकं चालत नाही.

उद्यमबाग_मोल्डर
टाकी किती लिटरची पाहिजे? डोंगरावर पावसाचं पाणी देवळाच्या पत्र्यावरनं धरता येईल. पन्हळ आणि ब्रॅकेट मी करून देतो, वर्कशॉपमध्ये स्क्रॅप पडलेलंच आहे. उन्हाळ्यात मात्र वरनं टँकर लागेल, आधीच सांगतो. आणि माझं नाव कुठं घालायचं नाही.

खरंबगा
नाव नको म्हणणारा देणगीदार! चालक, हा आयडी फेक आहे का बघा.

मंडोळीकर
मी येऊन पत्र्याचं माप घेतो. विरोध तात्पुरता मागे. प्री-वेडिंगवाले दिसले तर परत चालू.

हिंदवाडीकर
पश्चिमभाग, मला गावाचं नाव खाजगी निरोपात कळवा. मी एकटाच येतो, गाडी खाली लांब लावतो. गुडघ्याला पट्टा आहे पण घमेलं धरता येतं. आणि त्या आज्जींना भेटायचं आहे.

पश्चिमभाग
कळवलंय. रविवारी साडेसहाला या. आज्जींसाठी काय आणायचं असेल तर पान-सुपारी आणा, कुंदा नको, दात नाहीत. आणि काका, म्हशी आल्या तर बाजूला व्हायचं, विसरू नका.